भूल आधी सापडली, देता आली नंतर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. नायट्रस ऑक्साइड या वायूने वेदना जातात हे १८०० सालीच छापून आलं होतं. इथर हे पटकन उडून जाणारं द्रव तर त्याच्याही अडीचशे वर्षं आधीपासून माहीत होतं. तरीही १८४६ पर्यंत माणसाला चौघांनी दाबून धरून त्याचा पाय कापावा लागत होता, हे कसं? मधली शेहेचाळीस वर्षं डॉक्टर काय करत होते? आणि खरा शोधक कोणाला मानायचं? शेवटी तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात आईंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, आणि लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेलं ‘क्लोरोफॉर्म जास्त झाला आणि माणूस गेला’ हे वाक्य सध्या डोक्यातून जात नाही.

मी पस्तीस वर्षं भूल देते आहे, बराचसा काळ एका जिल्ह्याच्या गावात. माझ्या दृष्टीने तुमच्या आजीचं वाक्य हाच या सगळ्यातला महत्त्वाचा धागा आहे. कोणत्या साली कोणी काय हुंगवलं हे कुठेही वाचायला मिळेल. पण औषध हाती आल्यावरही माणसं का दगावत होती, हे समजलं की ती शेहेचाळीस वर्षं का गेली तेही समजतं.

शोधक कोण, हे तुम्ही भूल कशाला म्हणता त्यावर ठरतं. माणसाला काहीतरी पाजलं आणि कापलेलं त्याला कळलं नाही, एवढ्यालाच भूल म्हणायचं असेल तर ती फार जुनी आहे. पण आम्ही ज्याला भूल म्हणतो तिच्यात आणखी बरंच येतं. किती औषधाने किती परिणाम होईल हे आधी सांगता यायला हवं. तो परिणाम काम संपेपर्यंत, कमी-जास्त करत, टिकवता यायला हवा. आणि काम संपल्यावर माणूस परत यायला हवा. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे.

जुन्या काळाबद्दल सांगायचं तर सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात याबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे. शस्त्रकर्माआधी रुग्णाला जेवू घालावं, आणि जो मद्य घेणारा आहे व ज्याला वेदना सोसत नाही त्याला तीक्ष्ण मद्य पाजावं. पोटात अन्न असल्यामुळे त्याला मूर्च्छा येणार नाही आणि मद्यामुळे शस्त्र कळणार नाही. आज आम्ही नेमकं उलटं सांगतो: आदल्या रात्रीनंतर काही खाऊ नका. म्हणून काहीजण सुश्रुताला चूक ठरवतात, ते मला पटत नाही. मद्य प्यायलेल्या माणसाचा ठसका बराचसा शाबूत असतो. उलटी झाली तरी तो ती बाहेर टाकू शकतो. आमच्या भुलेत ठसकाही झोपतो, त्यामुळे पोटातलं अन्न वर येऊन फुफ्फुसात उतरू शकतं. त्यांची पद्धत वेगळी होती आणि तिला साजेसा त्यांचा नियम होता. मात्र मद्याने बधिरता येते ती अर्धवट, आणि पूर्ण बेशुद्धी येईल इतकं पाजलं तर मद्यच जीव घेतं.

याहून फार पुढे गेलेला माणूस जपानमध्ये होता. हानाओका सेइशू या शल्यवैद्याने १३ ऑक्टोबर १८०४ रोजी साठ वर्षांच्या एका बाईच्या स्तनातली कर्करोगाची गाठ तिला पूर्ण बेशुद्ध करून काढली. बॉस्टनच्या १८४६ मधल्या प्रसिद्ध इथर-प्रयोगाच्या बेचाळीस वर्षं आधी! त्याच्या औषधाचं नाव त्सूसेन्सान. त्यातले मुख्य घटक तुम्हाला ओळखीचे वाटतील: धोत्रा आणि बचनागाच्या जातीची मुळी. मात्रा बसवण्यासाठी त्याने अनेक वर्षं आधी प्राण्यांवर आणि मग घरच्या माणसांवर प्रयोग केले. त्यात त्याच्या बायकोची, काएची, दृष्टी गेली असं सांगतात. जपान तेव्हा बाहेरच्या जगाला जवळजवळ बंद होता, त्यामुळे त्याचं काम पश्चिमेत कोणाला कळलंच नाही.

धोत्र्याचा अनुभव मला स्वतःला आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका ग्रामीण रुग्णालयात सहा-सात वर्षांच्या मुलाला रात्री आणलं होतं. खेळता खेळता त्याने धोत्र्याचं बोंड फोडून बिया खाल्ल्या होत्या. अंग तापलेलं, चेहरा लाल, जीभ कोरडी खरखरीत, डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या मोठ्या की भोवतीचा रंगच दिसेना. आई समोर बसली होती तरी तो तिला ओळखत नव्हता. हवेतून काहीतरी वेचून मुठीत धरत होता. आम्ही पोट धुतलं, सलाइन लावलं, आणि बाकी दोन दिवस त्याच्याजवळ बसून वाट पाहिली, कारण जे रक्तात मिसळलं होतं ते शरीराने आपल्या गतीने बाहेर टाकेपर्यंत दुसरं फारसं काही करण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो हिंडू लागला. त्याच झाडातलं अॅट्रोपिन आजही माझ्या ट्रेमध्ये भरून तयार असतं. नाडी मंदावली तर मिलिग्रॅमच्या अंशात देते.

हानाओकाची अडचण हीच होती. पोटात गेलेलं औषध मागे घेता येत नाही. अंदाज चुकला तर चुकला. श्वासावाटे दिलेलं औषध मात्र मुखवटा काढला की श्वासावाटेच बाहेर पडू लागतं. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातला मोठा बदल अमुक एका रसायनात नव्हता, औषध देण्याच्या या वाटेत होता. ती वाट हाती आली म्हणून दर मिनिटाला मात्रा बदलणं शक्य झालं.

आता तुमची शेहेचाळीस वर्षं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला थॉमस बेडोज यांनी न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशन काढली होती. वेगवेगळे वायू हुंगवून आजार, मुख्यतः छातीचे, बरे होतात का ते पाहणं हा तिचा उद्देश. तिथे विशीतला हम्फ्री डेव्ही १७९९ मध्ये नायट्रस ऑक्साइड स्वतःवर वापरत होता. अक्कलदाढ दुखत असताना वायू हुंगला तेव्हा दुखणं कमी झालं, हे त्याने टिपून ठेवलं. पुढच्या वर्षीच्या त्याच्या ग्रंथात, जास्त रक्तस्राव होत नाही अशा शस्त्रक्रियांमध्ये हा वायू उपयोगी पडू शकेल असं वाक्य आहे. तुम्ही वाचलंत ते हेच. पण डेव्ही शल्यवैद्य नव्हता. १८०१ मध्ये तो लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गेला आणि त्याचं लक्ष रसायनशास्त्राकडे वळलं. वायू राहिला तो करमणुकीपुरता. लोक तिकीट काढून तो हुंगायला आणि हुंगलेल्यांची गंमत बघायला जात.

शल्यवैद्यांनी तो उचलला नाही याची कारणं त्यांच्या कामात दडलेली होती. त्यांचं सगळं कौशल्य वेगावर उभं होतं. लंडनचे रॉबर्ट लिस्टन अडीच मिनिटांच्या आत मांडीतून पाय काढत. ज्याचा हात वेगवान, तो दयाळू वैद्य. १८११ मध्ये पॅरिसला इंग्रज लेखिका फॅनी बर्नी यांचा स्तन काढला तेव्हा त्यांना आधी फक्त थोडं मद्यासारखं पेय मिळालं होतं. नंतर बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सगळं वर्णन केलं आहे. शस्त्र हाडावर घासल्याचं जाणवत होतं, हेसुद्धा. असं काम करणाऱ्यांना रुग्णाचं ओरडणं नवीन नव्हतं. उलट ओरडणं म्हणजे तो जिवंत असल्याची खूण. गप्प, पांढराफटक, न हलणारा रुग्ण त्यांना मरणाच्या दारातला वाटे. आणि नुसती कुपी हातात असताना ही भीती अनाठायी होती असं मला म्हणवत नाही.

हेन्री हिल हिकमन या तरुण इंग्रज डॉक्टरचं उदाहरण पाहा. १८२४ मध्ये त्याने प्राण्यांना कार्बन डायऑक्साइड हुंगवून बेशुद्ध केलं आणि वेदनेविना शस्त्रक्रिया केल्या. इंग्लंडमध्ये कोणी ऐकेना म्हणून पॅरिसला फ्रान्सच्या राजाकडे अर्ज केला. तिथेही काही झालं नाही, आणि १८३० मध्ये तो ऐन तारुण्यात गेला. त्याची तळमळ मनाला लागते. पण भूलतज्ज्ञ म्हणून विचाराल तर तो वायू माणसांवर वापरला गेला असता तर अनेक जण गुदमरून मेले असते. प्राणी बेशुद्ध होत होते ते प्राणवायू तुटल्यामुळे. त्याची दिशा बरोबर होती, साधन घातक होतं.

नायट्रस ऑक्साइडचा स्वभावही समजून घ्या, म्हणजे होरेस वेल्सवर काय गुदरलं ते कळेल. वेल्स अमेरिकेतल्या हार्टफर्डचा दंतवैद्य. १० डिसेंबर १८४४ रोजी तो गार्डनर कोल्टनचा लाफिंग गॅसचा, म्हणजे याच वायूचा, खेळ बघायला गेला. वायू हुंगलेल्या एका तरुणाचा पाय बाकावर आपटून रक्त आलं, पण त्याला पत्ताच नव्हता. वेल्सने ते हेरलं. दुसऱ्याच दिवशी त्याने कोल्टनकडून वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. काही जाणवलं नाही. आणखी काही रुग्णांवर यश आल्यावर जानेवारी १८४५ मध्ये तो बॉस्टनला विद्यार्थ्यांसमोर प्रयोग दाखवायला गेला. पिशवी थोडी लवकर बाजूला झाली, दात ओढताना रुग्ण ओरडला, आणि सभागृहात ‘लबाडी, लबाडी’ असा आरडाओरडा झाला. आपल्याला फारसं दुखलं नव्हतं, असं त्या रुग्णाने नंतर सांगितलं. पण तोवर वेल्सची नाचक्की झाली होती.

चूक वेल्सची कमी आणि वायूची जास्त होती. हा वायू दुर्बळ आहे. पूर्ण बेशुद्धी यायला श्वासात तो शंभर टक्क्यांहून थोडा जास्तच लागेल, आणि नेहमीच्या हवेच्या दाबाला ते शक्यच नाही. वेल्स पिशवीतून शुद्ध नायट्रस ऑक्साइड देत होता, प्राणवायूशिवाय. रुग्ण बेशुद्ध होई तो अर्धा वायूमुळे आणि अर्धा प्राणवायू कमी पडल्यामुळे. दात ओढण्याइतका मिनिटाच्या आतबाहेरचा अवधी मिळे. त्याआधी ओढलं तर रुग्ण ओरडणार, त्यानंतर हुंगवत राहिलं तर काळानिळा पडणार. इतक्या अरुंद फटीतून भरसभेत यश काढून दाखवायचं होतं. आज आम्ही हा वायू प्राणवायूत मिसळून, दुसऱ्या औषधाला जोड म्हणून देतो. वेल्सला हे सांगणारं कोणी नव्हतं. पुढे क्लोरोफॉर्मच्या व्यसनात सापडून जानेवारी १८४८ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या तुरुंगात आत्महत्या केली. त्याच्याबद्दल वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

इथपर्यंतचं थोडक्यात: जुन्या औषधांची मात्रा हातात राहत नव्हती, हिकमनच्या वायूने जीव गेला असता, आणि डेव्हीचा वायू एकटा पुरेसा नव्हता. तेव्हा कोणी कुपी दडवून ठेवली म्हणून शेहेचाळीस वर्षं गेली नाहीत. नवशिक्याच्या हातूनही निभावेल असं औषध लागत होतं. ते म्हणजे इथर.

इथरशी माझी ओळख पुस्तकातली नाही. मी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला शिकले, तेव्हा लहान ठिकाणी अजून थेंबाथेंबाने इथर देत. तारेचा छोटा सांगाडा, त्यावर आठ पदरी गॉझ. मुलाच्या डोळ्यांना व्हॅसलीन लावायचं, वर ओली पट्टी, आणि गॉझवर मोजून थेंब टाकायचे. आधी मुठी घट्ट आवळल्या जातात, श्वास रोखला जातो, पोर पाय झाडतं. नवशिक्याचा धीर तिथेच सुटतो आणि तो बाटली उपडी करू बघतो. माझे सर मागे उभे असायचे. ते एवढंच म्हणायचे, “घाई नको. श्वासाकडे बघ, तो सांगेल.” मग श्वास एका लयीत येऊ लागे, पोट झुल्यासारखं वरखाली होई. हिवाळ्यात इथर उडून जाताना गॉझवर पांढरं हिव धरायचं. घरी गेल्यावरही केसांना वास येत राही.

इथर वास मारतं, घसा खवखवतो, नंतर उलट्या होतात, आणि ते भडकन पेट घेतं. हे दोष मोठे आहेत. पण गाढ होईपर्यंत ते श्वास चालू ठेवतं, रक्तदाब टिकवतं, आणि मात्रा वाढत गेली तर आधी श्वास मंदावतो. श्वास मंदावला की इथर आत जाणंही कमी होतं. देणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो. मात्रेचं शास्त्र कोणालाच माहीत नसताना पहिल्या वर्षभरात हजारो लोकांवर ते चाललं ते या गुणामुळे.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, जेफरसन या खेड्यात क्रॉफर्ड लाँग यांनी ३० मार्च १८४२ रोजी जेम्स व्हेनेबल या तरुणाच्या मानेवरची गाठ इथर देऊन काढली. गावात तरुण पोरं गंमत म्हणून इथर हुंगायची, त्यात लागलेलं त्यांना कळत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. पण त्यांनी ते छापलं १८४९ मध्ये. तोवर १६ ऑक्टोबर १८४६ होऊन गेला होता. त्या दिवशी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी गिल्बर्ट अॅबट या तरुणाला काचेच्या गोळ्यातून इथर हुंगवलं आणि जॉन कॉलिन्स वॉरेन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. नवीन उपकरण तयार होईपर्यंत थांबल्याने मॉर्टन उशिरा पोचले होते, आणि वॉरेन त्यांच्याविना सुरुवात करण्याच्या बेतात होते. काम संपल्यावर वॉरेन श्रोत्यांना म्हणाले की ही लबाडी नव्हे. वेल्सच्या वेळी घुमलेल्या शब्दाला ते उत्तर होतं. अॅबटला पूर्ण गाढ झोप नव्हती, खरवडल्यासारखं वाटलं असं त्याने सांगितलं. म्हणजे जगप्रसिद्ध झालेली ती पहिली भूल माझ्या मापाने हलकी होती. पण तो ओरडला नाही, आणि बघणाऱ्यांना तेवढं पुरलं. बातमी जहाजाने इंग्लंडला पोचली आणि २१ डिसेंबर १८४६ रोजी लंडनला त्याच वेगवान लिस्टन यांनी इथर देऊन पाय काढला. वेगाचं युग तिथे संपायला लागलं.

मॉर्टन यांनी आपलं औषध काय आहे ते लपवायला त्याला रंग-वास दिला, पेटंट घेतलं आणि नाव ठेवलं ‘लेथिऑन’, ग्रीक पुराणातल्या लेथी या विस्मृतीच्या नदीवरून. आपण मराठीत या सगळ्याला भूल म्हणतो. त्यातही विसरणंच आहे, वाट चुकून भूल पडते तेच. इतक्या दूरच्या दोन भाषांना एकच कल्पना सुचली, याचं मला फार अप्रूप आहे. श्रेयासाठी मॉर्टन, त्यांना इथर सुचवल्याचा दावा करणारे रसायनतज्ज्ञ जॅक्सन, वेल्स आणि लाँग यांच्यात जे भांडण लागलं ते त्यांच्या हयातीत मिटलं नाही. मला विचाराल तर पहिला वापर लाँग यांचा, जगाला पटवून देणं मॉर्टन यांचं, आणि चिकाटीची पहिली ठिणगी वेल्सची. पण माझ्या व्यवसायाचा आरंभ मी यांपैकी कोणापासून धरत नाही.

तो धरते लंडनच्या जॉन स्नो यांच्यापासून. कॉलऱ्याच्या साथीत ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा छडा लावणारे तेच हे स्नो. इथरची बातमी आल्यावर बाकीचे स्पंज घेऊन धावले. स्नो यांनी थर्मामीटर काढला. हवा जितकी गरम तितकी इथरची वाफ जास्त, म्हणजे तोच स्पंज थंड खोलीत कमी आणि उबदार खोलीत जास्त भूल देणार. बातमी पोचल्यावर काही आठवड्यांतच, जानेवारी १८४७ मध्ये, त्यांनी कोणत्या तापमानाला हवेत किती वाफ मावते याचं कोष्टक तयार केलं. मग तापमान स्थिर राहावं म्हणून पाण्यात बसणारं उपकरण बनवलं, आणि भूल चढतानाच्या पाच पायऱ्या लिहून काढल्या. ‘किती दिलं?’ या प्रश्नाचं उत्तर तोपर्यंत ‘एक चमचा’ किंवा ‘रुमालभर’ असं असे. स्नो यांच्यानंतर ते शंभर भाग हवेत इतके भाग वाफ असं देता येऊ लागलं. शस्त्रक्रिया दुसऱ्याने करायची आणि आपण फक्त भूल सांभाळायची, हेच त्यांचं रोजचं काम झालं.

त्याची गरज किती होती ते क्लोरोफॉर्मने दाखवलं. ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह घरच्या टेबलावर क्लोरोफॉर्म हुंगून पाहिलं आणि तिघेही आडवे झाले. गोड वास, पेटत नाही, उपकरण लागत नाही, रुमालावर थोडंसं टाकलं की काम होतं. ब्रिटनमध्ये बहुतेकांनी लवकरच इथर सोडून ते धरलं. आणि २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी गेली. काम होतं पायाच्या बोटाचं नख काढण्याचं. आधी एकदा तिने इथर नीट सोसलं होतं. या वेळी ती घाबरलेली होती, हुंदके देत होती. कापडावर चमचाभर क्लोरोफॉर्म टाकून हुंगवलं, नख काढायला सुरुवात झाली, आणि काही मिनिटांत सगळं संपलं. शुद्धीवर यावी म्हणून तोंडात पाणी आणि ब्रँडी घातली, त्यामुळे ती गुदमरली असं सिम्प्सन म्हणाले. स्नो यांचं म्हणणं, हृदयच बंद पडलं.

वीस अंश तापमानाला हवेत क्लोरोफॉर्मची वाफ वीस टक्क्यांच्या आसपास साठू शकते. सुरक्षित भुलेला चार-पाच टक्के पुष्कळ झाले. रुमालावरून नाकात किती गेलं हे कोणालाच सांगता येत नसे. आणि रडणारं मूल मधूनच खोल श्वास ओढतं. तुमच्या आजीचं ‘जास्त झाला’ हे अशा वेळी अक्षरशः खरं असू शकतं. पण कधी कधी क्लोरोफॉर्म कमी असतानाही माणूस जाई, आणि ते कोडं सुटायला १९११ उजाडलं. गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली अॅड्रेनॅलिन वाढलं तर हृदयाचे ठोके विस्कटून ते नुसतं थरथरत राहतं. अॅड्रेनॅलिन बाहेरूनच द्यावं लागतं असं नाही. भीतीने, किंवा अर्धवट झोपेत कापल्याच्या वेदनेने ते शरीरात आपोआप सुटतं. हॅनाचं नक्की काय झालं ते आता तपासता येणार नाही, पण मला तिच्या बाबतीत हेच कारण जास्त संभवनीय वाटतं.

यात आपल्याकडचा एक मोठा अध्याय आहे आणि तो मराठी माणसाला माहीत असावा असं मला वाटतं. इथर १८४७ च्या मार्चमध्येच कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात वापरलं गेलं. त्याआधी दोन वर्षं जेम्स एस्डेल हे हुगळीला संमोहनाने मोठमोठ्या गाठी काढत होते, पण इथर-क्लोरोफॉर्म आल्यावर ती पद्धत मागे पडली. आपल्या हवेत इथर टिकवणं कठीण. ते ३५ अंशांखालीच उकळतं, म्हणजे मे महिन्यात बाटली उघडायचीसुद्धा पंचाईत. शिवाय जवळ कंदील जळत असणार. म्हणून क्लोरोफॉर्म इथे घट्ट रुजलं. मराठवाडा तेव्हा ज्या राज्यात होता त्या निजामाच्या हैदराबादेत एडवर्ड लॉरी या डॉक्टरांनी १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्म कमिशन भरवली. खर्च निजामाचा. दुसऱ्या वेळी लंडनहून लॉडर ब्रंटन तपासायला आले. शेकडो कुत्री-माकडांवर प्रयोग करून निष्कर्ष काढला की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची काळजी नको. त्या कामात हैदराबादेत शिकणाऱ्या रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणीही होती. पुढे ती क्लोरोफॉर्म देण्यातच पारंगत झाली. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

कमिशनचा निष्कर्ष अर्धा बरोबर होता. श्वासावरून नजर हलू देऊ नका, हे आजही शंभर टक्के खरं आहे. नाडीची काळजी नको, हे मात्र चूक होतं. गाढ क्लोरोफॉर्मखाली आधी श्वास थांबतो हे त्यांनी पाहिलं, पण हॅनासारखं हलक्या भुलेत, भीतीत जे होतं ते त्यांच्या मांडणीत निसटलं. मला शिकवलं गेलं ते दोन्ही एकत्र: बोट नाडीवर, नजर पोटाच्या हालचालीवर. आता पल्स ऑक्सिमीटर आहे, श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारी रेघ आहे, तरी माझा डावा हात सवयीने रुग्णाच्या कानापुढच्या नाडीवर जातोच.

क्लोरोफॉर्म इतकी वर्षं जीव घेत राहिलं त्याला आणखी एक कारण होतं. लहान गावात शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर एक, आणि रुमाल धरायला जो हाताशी असेल तो. तुमच्या आजीने ऐकलेल्या प्रसंगात नक्की काय झालं ते इथून सांगता येणार नाही. पण रुमाल धरणाऱ्याला दुसरं काही काम असेल किंवा त्याचं लक्ष शस्त्रक्रियेकडे वळलं असेल, तर ती दोन-तीन मिनिटं पुरेशी होती.

म्हणून आईंसाठी. त्यांना क्लोरोफॉर्म मिळणार नाही, ते केव्हाच मागे पडलं. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांची भेट मागून घ्या आणि त्यांना विचारा की भूल देणारे डॉक्टर काम संपेपर्यंत खोलीतच असतील ना. हा प्रश्न विचारल्याचा राग कोणत्याही चांगल्या डॉक्टरला येत नाही. आईंना याआधी कधी भूल दिली होती का, तेव्हा काही त्रास झाला का, रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत, दात हलतात का, कवळी आहे का, कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे का, हे सगळं सांगा. उपाशी राहण्याच्या वेळा त्या डॉक्टरांनी सांगितल्या तशाच पाळा. चहाचा एक घोटसुद्धा लपवू नका.

आणि आईंना भीती वाटत असेल तर ‘काही होत नाही’ म्हणून त्यांना गप्प करू नका. ती भीती त्यांना आम्हाला सांगू द्या. टेबलावर घेण्याआधी आम्ही नाडी बघतो, दोन मिनिटं बोलतो, गरज वाटली तर मन शांत करणारं औषध आधीच देतो. त्या डोळे मिटतील तेव्हा कोणीतरी त्यांचा हात धरून उभं असेल.